प्रवासात आकड्यांचा नाद लावून घेण्याची कृती

लोकलच्या डब्यात भजनं होतात, मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते पिसले जातात, बायकांच्या डब्यात घर येईपर्यंत मेथीची जुडी निवडून होते. प्रवासातला वेळ सत्कारणी कसा लावावा हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. तरीही हल्ली बहुतेक माना खाली आणि अंगठे पडद्यावर असं चित्र दिसतं. ज्यांना त्याचा कंटाळा आला आहे आणि पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डुलकी लागते, त्यांच्यासाठी ही कृती.

प्रवासात कादंबरीपेक्षा आकड्यांचं कोडं जास्त सोयीचं पडतं. कादंबरी मध्येच मिटली की धागा तुटतो. कोडं मात्र घाटकोपरला मिटून ठाण्याला उघडलं, तरी जिथं होतं तिथंच असतं. त्याला भाषाही लागत नाही. वेन गूल्ड नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना असं कोडं दिसलं. जपानी येत नसूनही ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना इतकं आवडलं की पुढची सहाएक वर्षं त्यांनी अशी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचं सुडोकू छापून आलं आणि काही महिन्यांत ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचलं. मूळ कोडं मात्र जपानी नव्हे. इंडियानाचे निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी ते रचलं, १९७९ मध्ये ते एका अमेरिकन कोड्यांच्या मासिकात आलं, तिथून १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनाने उचललं आणि नाव दिलं.

नाद लागणार की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: अंदाजपंचे आकडा भरायचा नाही. नीट रचलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं आणि तिथपर्यंत तर्काने पोचता येतं. हे ज्याने पाळलं त्याला चौथ्या-पाचव्या कोड्यापासून चटक लागते. ज्याने ‘बघू या, इथं ६ टाकून’ असं केलं, तो दहा मिनिटांत एकाच ओळीत दोन ६ घेऊन बसतो आणि ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून पुस्तक रद्दीत घालतो. पुढची सगळी कृती त्या एका पथ्याभोवती आहे.

साहित्य

एक सुडोकूचं पुस्तक, पातळ, एका पानावर एकच कोडं असलेलं. एका पानावर सहा कोडी कोंबलेली पुस्तकं स्वस्त पडतात, पण त्यांतली घरं इतकी बारीक असतात की हलत्या गाडीत आकडा शेजारच्या घरात जातो. दैनिकातलं कोडं वापरायचं असेल तर कात्रण काढून जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाच्या पाठीवर चिकटवा. वर्तमानपत्राच्या कागदावर खोडरबर दोनदा फिरला की भोक पडतं.

साधी लाकडी पेन्सिल, मऊ शिशाची, टोक जरा बोथट झालेली. क्लच पेन्सिलचं शिसं रुळांच्या सांध्यावर गाडी हिसका देते तेव्हा नेमकं मोडतं. पेन नको. पेनाने सोडवणारे लोक असतात, आणि ते पेनाने सोडवतात हे ते सांगतातही, पण नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये. खोडरबर वेगळा घ्या. पेन्सिलच्या शेपटीचा रबर बहुधा खोडण्याऐवजी काळं फासतो. पुस्तकाखाली धरायला परीक्षेचं पॅड किंवा वहीचा पुठ्ठा.

फोनवर खेळायचं असेल तर हरकत नाही, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करा. चुकीचा आकडा लगेच लाल करून दाखवणारी सोय आणि शक्य आकडे आपोआप लिहून देणारी सोय. पहिली चालू असली की माणूस विचार न करता एकेक आकडा दाबून पाहतो. दुसरी चालू असली की अर्धं कोडं फोनच सोडवतो. इंटरनेटशिवाय चालणारं ॲप घ्या. घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते. माझ्या मते कागदच बरा, कारण कागदावर मध्येच जाहिरात येत नाही आणि कुणाचा मेसेजही.

कृती

१. प्लॅटफॉर्मवर उभं असतानाच सुरुवात करा, आणि ती नऊ अंकांनी नव्हे, चार अंकांनी. खालची चौकट पाहा. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या रकान्यात आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक दोन बाय दोनच्या पेटीत १ ते ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत.

१ – – –
– – – २
– – ४ –
– ३ – –

चारच आकडे दिले आहेत, पण तेवढे पुरतात. वरची उजवी पेटी घ्या. तिच्यात ४ कुठं? तिसऱ्या रकान्यात खाली ४ आहेच, म्हणून या पेटीतला ४ चौथ्या रकान्यात हवा. तिथं दुसऱ्या ओळीत २ बसलेला आहे. म्हणजे ४ पहिल्या ओळीच्या टोकाला. आता त्याच पेटीतला १. पहिल्या ओळीत १ आधीच आहे, म्हणून तो दुसऱ्या ओळीत, २ च्या शेजारी. उरलेल्या घरात ३. वरची डावी पेटी: दुसऱ्या रकान्यात खाली ३ आहे, म्हणून इथला ३ पहिल्या रकान्यात, १ च्या खाली. आता दुसऱ्या ओळीत फक्त ४ उरला, पहिल्या ओळीत फक्त २. वरचा अर्धा भाग संपला. खालचा तुम्हीच करा. शेवटच्या ओळीत ४, ३, २, १ आलं तर बरोबर.

इथं एकही आकडा ‘असेल कदाचित’ म्हणून लिहिलेला नाही हे पाहा. प्रत्येकाला कारण आहे. ते कारण तोंडाने सांगता आलं तरच आकडा लिहायचा. ही सवय चार अंकांच्या चौकटीत लागली की नऊच्या चौकटीत टिकते.

२. मग नऊचं पुस्तक उघडा (नियम तेच, फक्त अंक १ ते ९ आणि पेट्या तीन बाय तीनच्या) आणि सोप्या भागातलं पहिलं कोडं घ्या. निम्मी पुस्तकं ‘सोपे, मध्यम, कठीण’ असे भाग करतात. कोणाच्या सांगण्यावरून मध्यमपासून सुरुवात करू नका. आणि दिलेल्या आकड्यांची संख्या मोजून कोडं सोपं की कठीण हे ठरवू नका. एक्याऐंशी घरांपैकी कमीत कमी किती आकडे दिले तर एकच उत्तर उरेल, याचा शोध बरीच वर्षं चालला होता. डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाने तपासून दाखवलं की १७ पेक्षा कमी आकड्यांवर ते शक्यच नाही. पण १७ आकड्यांचं कोडं पुष्कळदा सरळ सुटतं आणि २८ आकड्यांचं नाकी नऊ आणतं. आकडे किती यापेक्षा कुठं पेरलेत याला महत्त्व.

३. आता आकडाफेरी. चौकटीत सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा शोधा. समजा ७ पाच ठिकाणी आहे. बाकीचं सगळं विसरून फक्त ७ च्या मागे लागा. वरच्या तीन पेट्या आडव्या बघा. डाव्या पेटीत ७ पहिल्या ओळीत आहे, मधल्या पेटीत तिसऱ्या ओळीत. म्हणजे उजव्या पेटीतला ७ दुसऱ्या ओळीतच हवा. त्या पेटीत दुसऱ्या ओळीची तीन घरं. एक भरलेलं असलं तर दोन उरली. त्यांच्या रकान्यांत खाली कुठं ७ आहे का ते पाहा. एका रकान्यात सापडला तर ७ दुसऱ्या घरात. नाही सापडला तर सोडून द्या आणि मधल्या तीन पेट्यांकडे जा. आडव्या तीन पट्ट्या झाल्या की उभ्या तीन.

७ संपला की त्यानंतर जास्त आलेला आकडा. असे नऊ आकडे एकदा फिरून आले की सोपं कोडं बहुधा निम्म्याहून अधिक भरतं. मग दुसरी फेरी, आणि या वेळी ती झरझर होते. नवशिक्याची चूक ही की तो एका पेटीत ठाण मांडून ‘इथं काय काय येईल’ असा विचार करतो. पेटीकडून आकड्याकडे जाऊ नका, आकड्याकडून पेटीकडे जा. गर्दीत उभं राहूनही हे जमतं, कारण एका वेळी डोक्यात एकच आकडा ठेवावा लागतो.

४. ज्या ओळीत, रकान्यात किंवा पेटीत दोन-तीनच घरं रिकामी आहेत ती भरून घ्या. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त विसरलं जातं.

५. पेन्सिलच्या बारीक नोंदी. इथं बरेच लोक घसरतात. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले सगळे आकडे बारीक अक्षरात लिहायचे, ही पद्धत टेबलावर चालते. गाडीत पाच-पाच आकडे एका घरात कोंबले की पान मुंग्या फिरल्यासारखं दिसायला लागतं आणि एक आकडा नक्की झाला की वीस ठिकाणी खोडत बसावं लागतं. प्रवासासाठी नियम असा ठेवा: एखाद्या पेटीत एखादा आकडा फक्त दोन घरांत बसत असेल तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो बारीक लिहायचा. तीन घरं असतील तर काहीच लिहायचं नाही. पान स्वच्छ राहतं, आणि पुढच्या पायरीला लागणारी माहिती नेमकी हीच असते.

६. या दोन-दोनच्या नोंदींतून दोन युक्त्या निघतात. ‘मध्यम’ भागातली बहुतेक कोडी या दोघींवर सुटतात.

पहिली, रोखलेली ओळ. एका पेटीत ४ बसायला दोनच घरं आहेत आणि ती दोन्ही एकाच आडव्या ओळीत आहेत. ४ त्यांतल्या कुठल्या घरात, हे अजून ठाऊक नाही. पण तो त्या ओळीत, त्या पेटीतच असणार एवढं पक्कं. म्हणून त्या ओळीच्या बाकीच्या दोन पेट्यांतल्या घरांत ४ येणार नाही. पुष्कळदा एवढ्यानेच शेजारच्या पेटीतल्या ४ ची जागा ठरते. माहिती अर्धवट असून तिचा उपयोग पूर्ण होतो, आणि मला वाटतं सुडोकूची खरी गोडी इथं पहिल्यांदा कळते.

दुसरी, जोडी. एका ओळीत तीन घरं उरलीत आणि २, ५, ६ हे आकडे बाकी आहेत. त्यांतल्या दोन घरांत रकान्यांमुळे ५ येऊ शकत नाही; तिथं २ किंवा ६ एवढंच. मग ते दोघे आपसात काय वाटून घ्यायचं ते घेवोत, तिसऱ्या घरात ५. अशी जोडी पेटीतही सापडते. दोन घरांत तेच दोन आकडे, तिसरा कुठलाच नाही, असं दिसलं की ते दोन आकडे त्या पेटीतल्या बाकीच्या घरांतून बाद.

याच्या पुढच्या युक्त्यांना नावं आहेत, त्यांवर जाडजूड पुस्तकं आहेत. रोजच्या प्रवासाला त्या लागत नाहीत. ज्यांना स्पर्धेत उतरायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी. जागतिक सुडोकू स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुका गावी सुरू झाली आणि २०१७ ची आपल्याकडे बंगळुरूला झाली होती.

७. अडकलात की काय करायचं? काहीही नाही. पुस्तक मिटा, खिडकीबाहेर बघा, चहा घ्या. पाच मिनिटांनी उघडाल तेव्हा सगळ्यात आधी न आवडणाऱ्या आकड्याची फेरी करा. प्रत्येकाचा एखादा आकडा असतो जो सारखा नजरेतून सुटतो. तेवढ्यानेही काही निघालं नाही तर कोडं तसंच सोडून पुढचं घ्या. परतीच्या गाडीत मागचं पाहता येतं. पण एका ओळीत दोन ८ सापडले तर चूक कुठं झाली हे शोधत बसू नका. पेन्सिलचं सगळं खोडा आणि छापील आकड्यांपासून पुन्हा सुरू करा. चूक शोधायला लागणारा वेळ कोडं पुन्हा सोडवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असतो, आणि तो वेळ कंटाळवाणा असतो.

८. वाहन पाहून कोडं निवडा. रेल्वेत कागद-पेन्सिल उत्तम. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतपर्यंत गाडी सरळ पळते, तेवढ्यात एक सोपं कोडं होतं. कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्यात वडा घ्यावा. पुढे लोणावळ्यापर्यंतचा भोर घाट ३७ फुटांत एक फूट अशा चढणीचा आणि बोगद्यांचा. तिथं उजेड सारखा येतो-जातो, डोळ्यांना त्रास होतो, शिवाय पावसाळ्यात तिथं खिडकीबाहेर न बघणं हा गुन्हाच. तेव्हा पुस्तक बाजूला. एसटीने घाट चढताना तर कागदावर नजर रोखूच नये. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. आंबेनळी किंवा आंबोली उतरताना ज्याने वाचायचा प्रयत्न केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी, आणि लोकलमध्ये दांडीला लोंबकळताना, कागदाशिवायचे खेळ कामी येतात.

९. कागदाशिवायचा पहिला खेळ आपल्याच माणसाचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूत १९०५ मध्ये जन्मले आणि नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी आकड्यांशी खेळ केला. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्या प्रवासातच सुचलेल्या: त्या संख्यांचं नाव तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आज डोंबिवली म्हणतात त्या, स्टेशनावरून पडलं, कारण कल्पना तिथं सुचली. डेम्लो संख्या म्हणजे १६५ सारखी, जिच्यात दोन्ही टोकांचे अंक मिळवले की मधला अंक येतो. किंवा २५५३, जिच्यात २ आणि ३ ची बेरीज मध्ये दोनदा लिहिलेली आहे. आज डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर सकाळच्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथं गणित सुचलं होतं हे मला फार आवडतं.

पण खेळायला घ्यायचा तो त्यांचा ६१७४. पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे चार अंक घ्या. सगळे सारखे नकोत, बाकी काहीही चालेल. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा नंबर ३७२४. तर ७४३२ वजा २३४७ म्हणजे ५०८५. मग ८५५० वजा ०५५८, ७९९२. ९९७२ वजा २७९९, ७१७३. ७७३१ वजा १३७७, ६३५४. ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, आणि आला ६१७४. त्यापुढे कितीही वजा करा, ६१७४ च येत राहतो. कुठल्याही नंबरापासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथं पोचता. वरच्या नंबरला सातही लागल्या. काही दोन-तीनमध्ये संपतात. सुरुवातीचा शून्य टाकू नका, एवढं एक पथ्य. २१११ पासून निघालात तर पहिलं उत्तर ०९९९ येतं. ते चार अंकीच धरायचं, म्हणजे पुढं ९९९० वजा ०९९९. तीन अंकांत हाच खेळ ४९५ वर येऊन थांबतो आणि तो सोपा आहे, म्हणून मुलांना आधी तो द्या.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला देवळालीच्या मास्तरांची ओळख झाली. आपल्याकडे अजूनही पुष्कळांना ती नाही.

दुसरा खेळ: तेच चार अंक, प्रत्येक एकदाच वापरून, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून १० आणायचे. ३, ७, २, ४ मधून ७ वजा ३, अधिक ४, अधिक २. सगळ्या नंबरांतून १० निघत नाहीत, म्हणून दहा-बारा गाड्या मागे गेल्या तरी हिरमुसू नका. सोबत मुलं असतील तर पुणे-कोल्हापूर रस्ता यावर आरामात निघतो. आणि आणखी सोपं हवं असेल तर कापरेकरांच्याच ‘हर्षद’ संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग जातो का ते बघायचं. १७२९ ला जातो. बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ३७२४ ला जात नाही.

१०. शेजारी. कोडं उघडलं की शेजारचा वाकून बघणार, हे धरूनच चाला. काही जण पाच मिनिटं गप्प बसून मग ‘काका, तिथं आठ येतो बघा’ म्हणतात. बहुतेक वेळा तिथं खरंच आठ येतो, म्हणून जास्त चीड येते. अशा माणसाशी वाद घालू नका. पुस्तकातलं मागचं एक पान फाडून, जादा पेन्सिल त्याच्या हातात द्या. एक तर तो गप्प होतो किंवा आठवड्याभरात त्याचं स्वतःचं पुस्तक येतं. रोजच्या ठरलेल्या गाडीचा ग्रुप असेल तर एकच कोडं चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर सोडवायचं आणि आधी संपवणाऱ्याला खिडकी, असा करार करता येतो. चौथ्या सीटवर अर्धवट बसणाऱ्याला अर्थातच एक आकडा आगाऊ द्यावा. तेवढी माणुसकी लोकलमध्ये आहे.

११. सुडोकूची मध्यम कोडी विनासायास सुटायला लागली की काकुरोकडे वळा. याची चौकट शब्दकोड्यासारखी, पण शब्दांऐवजी बेरजा. एका पट्टीतल्या घरांत १ ते ९ मधले आकडे भरायचे, बेरीज दिलेली यायला हवी आणि एका पट्टीत एकही आकडा दोनदा नको. सगळं रहस्य थोड्या ठरलेल्या बेरजांत आहे. दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २ च. ४ म्हणजे १ आणि ३ च. १६ म्हणजे ७ आणि ९. १७ म्हणजे ८ आणि ९. तीन घरांत ६ म्हणजे १, २, ३. ७ म्हणजे १, २, ४. २३ म्हणजे ६, ८, ९. २४ म्हणजे ७, ८, ९. चार घरांत १० आणि ११, तसंच २९ आणि ३०, यांचीही एकेकच फोड निघते. ती स्वतः काढून पुस्तकाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग जिथं दोन घरांची १६ ची आडवी पट्टी दोन घरांच्याच १७ च्या उभ्या पट्टीला छेदते तिथं ९ च असणार, दोघींत सामाईक तेवढाच. अशा छेदांपासून सुरुवात करायची. सुडोकूत आकडे नुसत्या खुणा असतात, त्यांच्या जागी अक्षरं ठेवली तरी चालेल. काकुरोत खरी बेरीज लागते. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी म्हणून सुडोकूवर जास्त दिवस राहावं. लांबच्या विमानप्रवासाला, दुबईला मुलाकडे किंवा त्याहून दूर जाताना, काकुरोचं एक मोठं कोडं जेवण येण्याआधी सुरू करावं आणि ट्रे उचलल्यावर संपवावं.

ज्यांना हाताने रचलेली कोडी मिळतील त्यांनी ती जरूर घ्यावीत. संगणक क्षणात हजार कोडी बनवतो आणि सगळी बरोबर असतात, पण त्यांना कर्ता नसतो. निकोलीची कोडी माणसं रचतात. दिलेले आकडे चौकटीत समतोल मांडतात, ३२ पेक्षा जास्त देत नाहीत. तिथं सोडवताना एखाद्या वळणावर रचणाऱ्याने मुद्दाम दार बंद करून दुसरीकडे खिडकी ठेवलेली जाणवते. ही चव लागली की यांत्रिक कोडी जरा अळणी वाटतात. सुडोकूला नाव देणारे निकोलीचे एक संस्थापक माकी काजी २०२१ मध्ये गेले.

१२. उतरायचं स्टेशन. हा विनोदाचा विषय नाही. सुडोकूपायी माणसं कल्याणऐवजी कसाऱ्याला पोचतात. आपल्या स्टेशनाच्या दोन स्टेशनं आधी पुस्तक मिटायचं, मग एकच घर रिकामं असो की वीस. रात्रीच्या शेवटच्या गाडीत कोडं उघडायचंच नाही.

आणि पुस्तक घरी आणल्या दिवशी एक काम करा. शेवटची उत्तरांची पानं एकत्र धरून स्टेपलरच्या चार टाचण्या मारा. पुस्तक संपेपर्यंत त्या काढू नका.